पोटातला पाट

१८ सप्टेंबर १९९९, शनिवार

ही वही हॉस्पिटलच्या खालच्या दुकानातून घेतली. लघवी किती झाली, ताप किती, सलाईन कधी बदललं, एवढंच लिहायचं ठरवलं होतं. इथल्या नर्सा लिहितातच, पण एके काळी मीही नर्स होते आणि दुसरीच्या नोंदीवर माझा विश्वास बसत नाही. प्रत्यक्षात लिहायला बसले तर पहिल्याच पानावर राग उतरायला लागला. उतरू दे. वही माझी आहे.

परवा गुरुवारी दुपारी नवऱ्याला, तोकुजीला, रक्ताची उलटी झाली. मांडवाखाली आम्ही दोघं द्राक्षं तोडत होतो. "जरा मळमळतंय" म्हणून खाली बसला आणि भरलेल्या पेटीवरच ओकला. आधी मला वाटलं, द्राक्षाचा रस. मग गुठळ्या दिसल्या. दोन मोठे वाडगे भरतील इतकं रक्त होतं. अँब्युलन्समध्ये घालताना पांढराफटक पडलेला हा माणूस मला म्हणतो, "ती पेटी बाजूला काढ हं. चुकून बाजारात जाईल."

कोफू शहरातल्या ह्या हॉस्पिटलात आणल्याबरोबर डॉक्टरांनी दुर्बीण घातली. लिव्हर दगडासारखं झालंय म्हणे, त्यामुळे जठराच्या वरच्या अंगाला शिरा फुगल्यात. "द्राक्षाच्या घडासारख्या," डॉक्टर म्हणाले. आमच्यासमोर त्यांना दुसरी उपमा सापडली नाही. फुटलेल्या शिरेत एक डिंकासारखं औषध सोडून रक्त थांबवलंय. सहा पिशव्या रक्त चढवलं.

कारण मला कोणी सांगायला नको. आमच्याकडे प्रत्येक घरात घरच्या द्राक्षांची दारू मोठ्या बाटलीत भरलेली असते आणि चहाच्या वाडग्यातून पितात. मी वर्षानुवर्षं ओरडतेय. बेचाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाला तोंडावर अहो-जाहो केलं. वहीत करणार नाही.

१९ सप्टेंबर, रविवार

शुद्धीवर आहे. मला बघून म्हणाला, "नर्सबाई, ड्यूटीवर का?" लग्नाआधीपासून मला हेच म्हणतो. मी म्हटलं, "तुमच्या पिण्यामुळे म्हातारपणी पुन्हा ड्यूटी लागली." डोळे मिटून घेतले. ओरडा सुरू झाला की डोळे मिटतो.

द्राक्षांची तोडणी शेजारची किकुए आणि तिची सून बघताहेत. किकुएचा नवरा सादाकिची चार वर्षांपूर्वी असाच गेला, पोटात पाणी होऊन. तोकुजीचा लहानपणापासूनचा सोबती. बाटलीचाही सोबती असणार. सादाकिचीच्या तेराव्याला, म्हणजे आमच्याकडे एकोणपन्नासाव्या दिवशी जे असतं त्याला, मी किकुएला म्हणाले होते, "बाटली तू लपवायला हवी होतीस." तिनं नुसता चहा ओतला. समंजस बाई आहे.

तोकुजीचा एक गुण मात्र कबूल करायला हवा. वास येत नाही. सात वर्षांपूर्वी दारूनं लिव्हर बिघडलंय असं त्यानंच सांगितलं, तेव्हापासून मी रोज नाक लावते. द्राक्षवाल्यांच्या मंडळातून येतो तेव्हा गाल लाल नसतात, तोंडाला वास नसतो, चाल सरळ. काय चघळत येतो कोण जाणे. विचारलं तर म्हणतो, "घेतली थोडी, सगळ्यांबरोबर." इतका सराईत.

२४ सप्टेंबर, शुक्रवार

आज डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. आधी घरच्यांना सांगायचं आणि पेशंटला किती सांगायचं ते घरच्यांनी ठरवायचं, ही आपली पद्धत अजून आहे हे बघून बरं वाटलं. डॉक्टर नातोरि, पस्तिशीचा असेल. शिरांमधून नळ्या घालून उपचार करणारा. बोलताना माझ्याकडे कमी आणि पेनाकडे जास्त बघतो.

म्हणाला, डिंक किती दिवस टिकेल सांगता येत नाही. पुन्हा फुटलं तर दुसऱ्यांदा वाचवता येईलच असं नाही. पोट न कापता जांघेतल्या शिरेतून नळी वर नेऊन त्या फुगलेल्या शिरा कायमच्या बंद करता येतील. बारा-पंधरा दिवसांत करायला हवं.

मग म्हणाला, "रक्तात हेपॅटायटिस सीचा व्हायरस आहे. पुष्कळ वर्षांपासून असावा. पूर्वी रक्त चढवलं होतं? ऑपरेशन? इंजेक्शनं?"

"इंजेक्शनं वीस," मी म्हणाले. "मीच दिलेली."

त्यानं पेन खाली ठेवलं, म्हणून मी सगळं सांगितलं. ह्या पोरांना काय माहीत. छप्पन साली आमच्या भातखाचरांत गोगलगायींचा आजार होता. चिखलात पाय घातला की गोगलगायीत वाढलेला किडा अंगात शिरायचा, पुढे लिव्हर सुजायचं, पोटाचे नगारे व्हायचे. त्यावर अँटिमनीचं इंजेक्शन, शिरेतून, एक दिवसाआड, माणशी वीस. गावात साएगुसा डॉक्टर म्हातारे, हात कापायचा. सगळी कामगिरी माझ्यावर, एकवीस वर्षांच्या पोरीवर. देवळाच्या ओसरीवर चाळीस जण रांगेत बसायचे. जागा ठरलेल्या. नववा कोळसेवाला ओबाता, डोळे पिवळेधमक, त्याची शीर कधी सापडायची नाही. दहावा सादाकिची. अकरावा तोकुजी, बाही आधीच वर करून हसत बसलेला. लग्न जमलं ते तिथंच.

"सुया किती होत्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"तीन. सकाळी उकळायच्या, दुपारी पुन्हा उकळायच्या. मध्ये प्रत्येकाला दिली की स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची. बोथट झाली की दगडावर घासायची. सकाळभरात चाळीस माणसं उरकायची मी. कोफूहून तपासायला साहेब आले होते, त्यांनी वहीत शेरा लिहिला माझ्या नावानं."

त्यानं पेन पुन्हा उचललं. मग म्हणाला, "त्या काळी सगळीकडे तसंच होतं." मला जरा रागच आला. सगळीकडे तसं नव्हतं. शेजारच्या गावात नर्स रोज चार माणसांची शीर फोडायची.

मी बजावलं, की व्हायरसचं तोकुजीला सांगायचं नाही. दारूमुळे झालं नाही असं कळलं तर घरी गेल्या गेल्या बाटली उघडेल. व्हायरस असेलही, पण त्याला खतपाणी कुणी घातलं? डॉक्टर कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. म्हणाला, "तुम्ही दोघांनी एकदा एकमेकांशी बोलायला हवं."

"बेचाळीस वर्षं बोलतोच आहोत," मी म्हणाले.

२७ सप्टेंबर, सोमवार

नको म्हणतो.

डॉक्टर कागद घेऊन आला, तर ह्यानं हात पांघरुणाखाली घातले. "अडुसष्ट झालं. द्राक्षं तोडून झाली. आता आणखी काय शिवताय मला?" डॉक्टर गेल्यावर मी सोडला नाही. म्हटलं, "पिताना विचारलं होतंत का मला? मग मरताना तरी विचारा. छाटणी कोण करणार? मांडवाच्या तारा कोण ओढणार?" समोरच्या खाटेवरचा म्हातारा तोंड फिरवून हसत होता. हसू दे.

तोकुजी म्हणाला, "एवढं ओरडतेस, दुपारी जेवलीस ना?"

"जेवले."

"मग बरं."

घरी येताना बसमध्ये मला रडू आलं. का ते लिहायला हवं, नाहीतर वही कशाला. तो गेला तर मी ओरडू कुणावर? हे काही शोभेलसं कारण नाही, पण माझ्याकडे हेच आहे.

३० सप्टेंबर, गुरुवार

सही केली.

आज डॉक्टर पुन्हा आला तो कोरा कागद घेऊन. त्यावर आडवी रेघ मारून म्हणाला, "हा मोठा कालवा, रक्त लिव्हरकडे नेणारा. लिव्हर दगड झालंय, पाणी आत शिरत नाही. मग पाण्यानं काय केलं?"

तोकुजी उठून बसला. "बाजूनं पाट फोडला."

"बरोबर. जठरावरून मूत्रपिंडाकडे. तो पाट मुळात एवढ्या पाण्यासाठी नव्हता, म्हणून फुगला आणि फुटला. आम्ही खालच्या तोंडातून उलटं वर चढणार. तोंडाशी फुगा फुगवून पाट अडवणार, मग मागं साचलेल्या पाण्यात औषध सोडणार. रात्रभर तसंच ठेवायचं. पाट आतून थिजून जातो."

आता, ह्या माणसानं तरुणपणी पंधरा वर्षं गावोगावच्या पाटांना सिमेंट लावलंय, गोगलगायी मारायला. सरकारनं अख्ख्या खोऱ्याचे पाट सिमेंटचे केले, त्यात ह्याचे हात होते. तेवढा एक प्रश्न त्यानं विचारला आणि डॉक्टरच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा मी हसू बघितलं.

"पाट बंद केला तर पाणी जाणार कुठं? पाणी काही नाहीसं होत नाही."

"काही लिव्हरमध्ये शिरेल, ते बरंच आहे. काही अन्ननलिकेच्या शिरांत जोर करेल. तिथं दर तीन महिन्यांनी बघावं लागेल."

"हां," तोकुजी म्हणाला. "असं सरळ सांगा की." आणि सही ठोकली. मी तीन दिवस घसा फोडला त्याचं काही नाही.

५ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी नऊला आत नेला, बाराला बाहेर आणला. भूल नाही, जागाच होता. जांघेत नळी तशीच, आत फुगा फुगवलेला, उजवा पाय उद्यापर्यंत सरळ ठेवायचा. "हललो तर बांध फुटेल," असं त्यानं नर्सला गंभीरपणे सांगितलं. ती बिचारी घाबरून डॉक्टरला बोलवायला गेली.

लघवी लालसर. हे होणार असं आधी सांगितलं होतं, औषधानं थोडं रक्त विरघळतं. मूत्रपिंडासाठी वेगळं सलाईन लावलंय. तीन वाजता ३७.८. मी सगळं लिहिलं. अक्षर वाईट आलंय.

चारच्या बसनं घरी निघताना तो म्हणाला, "नर्सबाई, तुला कधी वाटलं होतं, आपल्यावर इतकं लक्ष ठेवणारी माणसं आपल्याला मिळतील?" असलं काहीतरी तो कधी बोलत नाही. ताप असावा.

६ ऑक्टोबर, बुधवार

फुगा काढला. फोटोत त्या शिरांमधून आता काही वाहत नाही. डॉक्टरांनी मला फोटो उजेडावर धरून दाखवला आणि वाकून नमस्कार केला, जणू मीच त्याला काही दिलं. ताप उतरला. पेज अर्धी वाटी.

मी बाहेर बाकड्यावर बसले आणि अर्धा तास नुसती बसले. वाचला.

९ ऑक्टोबर, शनिवार

हे आजच्या आज लिहायला हवं, नाहीतर उद्या मी त्यातलं थोडं विसरेन आणि सोयीचं तेवढं ठेवेन.

सकाळी किकुए आली. भोपळा घालून शिजवलेल्या जाड शेवयांचं पातेलं घेऊन. मी तिला पोटातल्या पाटाचं, फुग्याचं सगळं सांगितलं. ती ऐकत होती. आनंदात मी म्हणाले, "आता पुन्हा त्यानं बाटलीला हात लावला तर मीच जीव घेईन. तुझ्या सादाकिचीच्या वेळी ही सोय नव्हती. पण तो पीतही फार होता."

किकुएनं पातेलं खाली ठेवलं. चौकटीतच उभी राहिली, बसली नाही.

"फुसाए-सान, माझ्या नवऱ्यानं शेवटची तीन वर्षं एक थेंब घेतला नाही."

"असं सगळ्याच बायका—"

"ऐका. ब्याण्णव साली आरोग्य केंद्रात रक्त तपासायला दोघं एका बसनं गेले होते. दोघांच्याही चिठ्ठीत सी निघाला. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, तुमच्या वयाच्या माणसांत सुयांमधून आलेला असतो. त्या दिवसापासून दोघांनी सोडली. मंडळात वाडग्यात बार्लीचा चहा घेऊन बसायचे."

मी म्हणाले, "मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्हालाच नाही सांगायचं, हेच तर ठरलं होतं. परतीच्या बसमध्ये तोकुजी-सान ह्यांच्यापुढे हात जोडून बसले. म्हणाले, सुई कुणाची हे फुसाएला कळलं तर ती जगायची नाही. दारूमुळे म्हणून सांग. मीही तेच सांगतो. ह्यांनी शब्द दिला. शब्द पाळून मेले."

ती बोलत राहिली, आवाज न चढवता. तेच जास्त लागलं.

"तेव्हा नवीन औषध आलं होतं. सहा महिने टोचून घ्यायचं, सुरुवातीला हॉस्पिटलात राहून. ह्यांना घ्यायचं होतं. तोकुजी-सान म्हणाले, मी घेत नाही, घेतलं तर घरी कळेल. मग हेही नाही म्हणाले. एकट्यानं कसं घेणार, लोक विचारतील. माझा नवरा गावात दारुडा म्हणून जळला, फुसाए-सान. आणि विधीच्या दिवशी तुम्ही माझ्याच घरात, माझ्याच हातचा चहा पीत मला म्हणालात, बाटली लपवायला हवी होतीस."

"मग आज का सांगतेस?"

"तोकुजी-सान वाचले म्हणून. ते मेले असते तर सांगितलं नसतं."

पातेलं ठेवून गेली. त्यातलं मी खाल्लं नाही आणि फेकलंही नाही.

खोटं आहे, असं मी दुपारपर्यंत स्वतःला सांगत होते. स्पिरिटनं पुसत होते. उकळत होते. मग कागद घेतला आणि ओसरीवरची रांग लिहून काढली. चाळीसच्या चाळीस नावं आठवली. पहिल्या आठ जणांपैकी कुणी लिव्हरनं गेलेलं नाही. नववा ओबाता. ओबाताच्या नंतर एकतीस नावं. मी ती बोटानं खाली खाली वाचत गेले. कोण कशानं गेलं ते मला पाठ आहे. सगळ्यांच्या अंत्यविधीला मी होते.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

दोन दिवस काही लिहिलं नाही. हॉस्पिटलात गेले नाही. फोन करून सर्दी झाली म्हणाले.

मी सुई घासून धार लावायचे. दुखू नये म्हणून. हे मला कुणाला तरी सांगावंसं वाटतं आणि ज्याला सांगावं असा कुणी नाही.

१३ ऑक्टोबर, बुधवार

गेले. खिडकीशी बसून संत्रं सोलत होता. रंग सुधारलाय.

"किकुए आली होती," मी म्हणाले.

त्यानं अर्धं संत्रं माझ्यापुढे धरलं. मी घेतलं नाही. मग म्हणाला, "सांगितलं म्हणायचं."

"सात वर्षं तुम्ही माझ्या शिव्या खाल्ल्यात."

"शिव्यांचं काय. शिव्या देताना तू जेवायचीस, झोपायचीस. खरं कळलं असतं तर तू खाटेला खिळली असतीस. मला तू ओरडणारीच बरी वाटलीस."

मी त्याच्यावर ओरडले नाही. लोकांना वाटेल, बाईला उमाळा आला असेल, असा नवरा मिळाला म्हणून. नाही आला. संताप आला. मी पिशवीतून यादी काढून त्याच्या मांडीवर ठेवली.

"ह्यात ओबाताच्या मागं एकतीस. ब्याण्णव सालापासून पाच गेले. सादाकिची धरून पाच. पाचांच्याही बायकांना मी तेच बोलले जे किकुएला बोलले. चौदा अजून जिवंत आहेत. त्यांना कुणी सांगितलं तपासून घ्या म्हणून? औषध होतं, म्हणाली किकुए. ह्यांतल्या कुणाला मिळालं?"

तो यादी वाचत राहिला. ओठ हलवत, एकेक नाव. शेवटचं नाव वाचून म्हणाला, "ह्यांचं माझ्या मनातच आलं नाही. मी तुझाच विचार केला."

"तेच," मी म्हणाले.

डॉक्टर नातोरि दारात येऊन थबकला आणि परत फिरला. त्याला सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. मी सांगितलं होतं, ह्यांना सांगू नका. ह्यानं सांगितलं होतं, सुयांमधून आला हे तिला सांगू नका. एकाच खाटेच्या दोन बाजूंना उभं राहून आम्ही त्या पोराला वेठीला धरलं होतं.

जाताना डॉक्टर मला जिन्याजवळ भेटला. म्हणाला, तुमचंही रक्त तपासायला हवं. कितीदा सुई बोटात गेली असेल. मी हात पुढे केला.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

तोकुजी घरी आला. स्कॅनमध्ये शिरा पूर्ण बंद झालेल्या दिसतात. अन्ननलिकेत थोडी सूज, जानेवारीत बघणार. मीठ कमी, कच्चे मासे बंद, जड उचलायचं नाही.

माझा निकालही आला. मला काही नाही. स्वच्छ. कागद वाचून मी तो चार वेळा उलटसुलट करून पाहिला. सुईची मूठ माझ्या बाजूला होती.

मांडवाखाली तो हळूहळू फिरला, तारा हातानं हलवून बघितल्या. आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोलतो. मी भात वाढते, तो खातो. मी ओरडत नाही आणि त्याला ते सहन होत नाही, हे मला दिसतं. होऊ नये सहन.

७ नोव्हेंबर, रविवार

आज पहिल्या दारात गेले. फुकासावा शिगेहारु, रांगेत बाविसावा, तेव्हा अठरा वर्षांचा, आता एकसष्ट. चांगला धडधाकट, अग्निशमन दलाचा माजी प्रमुख. मुद्दाम त्याच्यापासून सुरुवात केली. म्हटलं, शहाणा माणूस आहे, ऐकेल, आणि त्यानं ऐकलं की बाकीचे ऐकतील.

नवरा-बायको दोघं पडवीत सुकवायची परसिमनची फळं सोलत होते. मी बसले नाही. घरून जुळवून आणलेली वाक्यं एका दमात बोलले. छप्पन सालची इंजेक्शनं मी दिली. एका सुईनं अनेकांना दिली. एकाच्या रक्तातला आजार त्या सुईनं पुढच्यांना गेला. तुम्हालाही गेला असेल. त्याचं दुखत नाही, कळत नाही, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. मंगळवारी माझ्याबरोबर कोफूला चला. आणि मग गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावलं.

शिगेहारुनं धावत येऊन मला उठवलं. "अहो फुसाए-सान, हे काय. उठा आधी. अगं, पाणी आण."

"तपासून घ्याल ना?"

"माझं लिव्हर? मी तर जन्मात दारूला शिवलो नाही. हिला विचारा."

"दारूचा संबंध नाही. तेच सांगतेय मी. सुई—"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ती नजर मी ओळखते, आजारी माणसाच्या खोलीबाहेर नातेवाईक तसं बघतात. मग शिगेहारु माझ्याशेजारी बसला आणि फार मायेनं बोलला.

"तोकुजी-सानना कसं आहे आता? बरे आहेत ना? मग झालं तर. माणूस चांगला आहे, एवढी एक बाटली सोडली तर. गावात त्यांना कुणी नावं ठेवत नाही, फुसाए-सान. तुम्ही असं स्वतःवर ओढवून घेऊ नका. नवऱ्याची अब्रू झाकायला म्हणून कुणी एवढं बोलतं का?"

"मी झाकत नाहीये. ते सात वर्षं प्यायलेच नाहीत."

"बरं बरं," तो म्हणाला. "नाही प्यायले."

त्याच्या बायकोनं डोळ्याला पदर लावावा तसा टॉवेल लावला. आत जाऊन पिशवीभर परसिमन घेऊन आली आणि माझ्या हातात कोंबत नवऱ्याला म्हणाली, "बघा. बायको असावी तर अशी. तुमच्यासाठी मी एवढं केलं नसतं."

मी आणखी दोनदा सांगितलं. कागद काढून ओबाताचं नाव दाखवलं, त्याचं नाव दाखवलं. त्यानं कागदाची नीट घडी करून माझ्या पिशवीत परत ठेवली आणि फाटकापर्यंत पोचवायला आला.

घरी आले तेव्हा तोकुजी ओट्यावर बसून वाट बघत होता. माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळलं. जे झालं ते सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. ऐकून तो उठला, चपला शोधायला लागला.

"मी जातो. मी सांगतो त्याला. माझं ऐकेल."

"तुमचं कोण ऐकणार," मी म्हणाले. "तुम्ही दारुडे."

तो एका पायात चप्पल घालून तसाच उभा राहिला. मग खाली बसला. मी पिशवी आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली, सुरी आणली आणि आम्ही परसिमन सोलायला घेतली. बरीच होती.